मामाचे बनावट किडे

कृष्णेतल्या यच्चयावत माशांची आवडनिवड ठाऊक असलेला एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझा थोरला मामा. पलटणीत असताना एका गोऱ्या साहेबाबरोबर डोंगरातल्या नद्यांत उभं राहून त्यानं ही विद्या मिळवली आणि पेन्शनीबरोबर गावी आणली. गांडूळ लावून मासा धरणं म्हणजे त्याच्या मते शुद्ध लबाडी. तो गुडघाभर पाण्यात दगड उलटे करी, त्यांना चिकटलेले इवले किडे भिंगातून न्याहाळी आणि घरी येऊन हुबेहूब तसाच किडा गळावर बांधी. त्याला कोंबड्याचं पीस लागे, मेंढीची लोकर लागे आणि मामीच्या लुगड्याची जरही लागे. रहिमतपूरच्या बाजारात मामा दिसला की बाया कोंबड्यांवर पदर टाकत. "आवं, घ्यायचा तर आख्खा कोंबडा घ्या की!" एकजण करवादली. "कोंबडा काय करायचाय?" मामा म्हणाला, "शेपटीचं बोल."

एवढं करून तो घरी यायचा रिकाम्या हातानं. गाव हसायचं. मामा छाती काढून सांगायचा, "घावला हुता. लय मोठा."

दुसरं महायुद्ध पेटलं आणि मामाचा मुलगा बाळा पलटणीबरोबर परमुलखात गेला. त्या लढाईच्या दिवसांत मी सांगलीच्या कॉलेजातून सुट्टीला आलो आणि त्याच्याबरोबर डोहावर गेलो. किडा तळाशी गेला, दोरी थबकली, मामानं हलकेच हिसका दिला आणि हातभर लांबीचा खडस मासा काठाला आला. मी पिशवी उघडून धरली. मामानं गळ काढला, माशाला पाण्यातच धरून दम खाऊ दिला आणि चक्क सोडून दिलं.

"मामा, सोडला?"

"आपल्या बाळाला तिकडं इटलीत धरलंय न्हवं? मी हितं सोडत ऱ्हायलो, तर त्येला बी कुणीतरी सोडंल. मामीला बोलू नगं."

मामाला हसण्याची माझी सवय त्या दिवशी मोडली. मी रिकाम्या पिशवीची घडी घातली.

लढाई संपली आणि बाळा आला, हाडांचा सापळा होऊन, पण धडधाकट. मामीनं वाटण वाटून मामाला नदीवर पिटाळलं. मामा परतला तो भिजलेला आणि पुन्हा रिकामाच. मामी कडाडली. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "आता कशाला सोडला?"

शेजारच्या भागूबाईचा मुलगा बाळाच्याच पलटणीत होता. त्याची काहीच खबर नव्हती. तिच्या दाराकडे बघत मामा हळूच म्हणाला, "आपला आला रं. तिचा यायचाय अजून."

तिचा मुलगा कधीच आला नाही. मामानं मरेपर्यंत एकही मासा घरी आणला नाही.