केशरची अंजना झाली त्याची गोष्ट

मेडशीच्या पुंजाजीची थोरली लेक केशर लग्न होऊन इंझोरीला गेली, तेव्हा त्या घरात आधीच एक केशरबाई होती, तिची सासू. एका घरात एकाच नावाच्या दोघी नांदणार कशा? भटजींनी ताटातल्या तांदळात नवऱ्याकडून ‘अंजना’ लिहून घेतलं आणि तिचा धाकटा भाऊ धनराज मांडवभर पेढे वाटत फिरला. आमच्याकडे बाईचं नाव असं उभ्या उभ्या बदलतं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

सासरी ती अंजना म्हणूनच म्हातारी झाली. धनराजसाठी मात्र ती ताईच होती.

यंदा पुंजाजी गेले. शेतावर वारसांची नावं चढणार, हे तिच्या कानावर आलं. बहिणीनं हिस्सा मागितला की माहेर तुटतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ‘मला काही नको’ एवढं तलाठ्याला सांगायचं आणि माहेर राखायचं, म्हणून ती कुणाला न कळवता एसटीनं मेडशीला आली. पिशवीत भावासाठी कुरड्या होत्या.

कचेरीत धनराज आधीच बसलेला होता. तलाठ्यानं तिचं आधार कार्ड पाहिलं.

“बाई, तुमच्या नावाला तुमच्या भावानंच हरकत घेतलीय. शाळेच्या दाखल्यावर केशर, इथे अंजना. डिस्क्रिपन्सी आहे.”

“हे काय असते, धनराज?”

धनराजला शब्द पाठ होता. वकिलानं घोटून घेतला असावा. “डिस्क्रिपन्सी म्हंजे डिस्क्रिपन्सी. कायद्याचा शब्द हाये. मी काय करू?”

तलाठी वैतागला. “विसंगती म्हणा की सरळ. दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत, एवढाच अर्थ. तशी सापडली की विचारपूस करायची असते, माणूस खोडायचा नसतो. आता विचारतोच. धनराजजी, ह्या बाई तुमच्या बहीण आहेत की नाहीत?”

अंजनाला हायसं वाटलं. आता हा हो म्हणेल आणि सगळं मिटेल.

धनराज खिडकीबाहेर बघत राहिला. “कागद म्हनतीन तेच खरं. मले नाही सांगता येत.”

ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्यानं भर कचेरीत तिला परकी केली. केसानं गळा कापला, दुसरं काय!

मग तिनं पदरानं डोळे पुसले. “सायेब, काय कागद लागतीन ते सांगा. दोनी नावं माहीच हायेत, हे सारं गाव सांगीन. मी हिस्सा सोडाले आली होती. आता मले पायजे.”

धनराज ताडकन उठला. “अवं ताई! सोडाले आली होती तं सोड ना मंग!”

“माह्या भावासाठी सोडाले आली होती,” ती म्हणाली. “तो इथं कोठं हाये?”