मिठागरातल्या हातात घुसलेली सुई

"हात पुढे कर."

इन्चार्ज सिस्टरनी सगळ्या मुलींसमोर माझं मनगट धरून वर केलं. धरलं तेही दोन बोटांच्या चिमटीत, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसं. आम्ही पेणच्या नर्सिंग कॉलेजच्या मुली, रोह्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात पहिल्यांदाच सर्जिकल वॉर्डला लागलो होतो. सिस्टर ग्लोव्हज वाटत होत्या. मर्जीतल्या मुलींना नव्या खोक्यातले. बाकीच्यांना धुऊन, पावडर लावून मागच्या गॅलरीत दोरीवर वाळवलेले. माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"बघा गं हिचे हात. मिठागरातली ना तू? हिला कसले ग्लोव्हज? हे आधीच मिठाने निर्जंतुक झालेत."

मुली हसल्या. वर्गात माझ्या शेजारी बसणारी सायलीही हसली.

माझं गाव कासूजवळ, खाडीला लागून. सुट्टीत मी आईबरोबर मीठ ओढते. बोटांच्या सांध्यांवर भेगा पडतात, त्या उन्हाळाभर भरत नाहीत. लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. आदल्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं की कातडी धड असेल तरच ती जंतूंना अडवते. भेग असेल तर आधी झाकायची, वर ग्लोव्हज घालायचे, मगच रक्ताला हात लावायचा. आणि इथे भेगा होत्या म्हणूनच मला ग्लोव्हज मिळत नव्हते.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला अक्कल होती, तोंड नव्हतं. मार्क सिस्टरच्या हातात होते.

त्या वॉर्डची एक रीत होती. मोठे सर, म्हणजे तिथले सर्जन, राउंडला आले की एका मुलीने ट्रे घेऊन त्यांच्या मागे चालायचं. सर इंजेक्शन देणार, टाके घालणार आणि वापरलेली सुई न बघता मागे ट्रेत टाकणार. सुया टाकायचा डबा कॉटपाशी आणायचा नाही, सरांच्या पायात येतो. राउंड संपला की त्या मुलीने रक्ताळलेल्या कापसातून सुया वेचायच्या, त्यांना टोपणं लावायची, मग डब्यात टाकायच्या. पुस्तकात नेमकं उलट लिहिलंय. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, जिथे वापरली तिथेच डब्यात टाकायची. पण पुस्तक राहिलं पेणला. ट्रे माझ्या हातात, रोज माझ्याच.

"हिला वेचायची सवय आहे," सिस्टर म्हणायच्या.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. उघड्या हातांनी वेचत राहिले. घरी येऊन हात इतके घासायची की भेगा आणखी फाटायच्या.

मग खांबजवळ हायवेवर अपघात झाला. ट्रकचा ड्रायव्हर आणला. लांबचा माणूस, सोबत कोणी नाही. पिंढरी फाटली होती. सरांनी जागा बधिर केली, टाके घातले आणि पुढच्या कॉटकडे वळले. मी ट्रे साफ करायला घेतला. भिजलेल्या गॉजखाली सुई होती. दिसली नाही, टोचल्यावर कळली. अंगठ्याच्या पोटात, चांगली खोल.

खाडीत शिंगाळा माशाचा काटा लागला की आमच्याकडे बोट पिळतात आणि तोंडात घालून चोखतात. लहानपणापासून तेच केलंय. माझा अंगठा आपोआप तोंडाकडे गेला.

"तोंडात नको घालू गो! पिळू पन नको!" सायली ओरडली. मला ओढत बेसिनपाशी नेलं, नळ सोडला, साबण लावला. आता ती हसत नव्हती.

एचआयव्ही. कावीळ बी. कावीळ सी. परीक्षेत ही तीन नावं लिहून मी मार्क मिळवले होते. आता ती माझ्या अंगठ्यात होती की नव्हती, कोणाला ठाऊक. माझी पाचावर धारण बसली.

सिस्टरकडे गेले. "सुई लागली."

"लक्ष कुठे होतं तुझं? स्पिरीट लाव आणि गप्प बस. बोभाटा नकोय मला."

"सिस्टर, त्या पेशंटचं रक्त तपासलं तर—"

सर मागेच उभे होते. माझ्याकडे बघितलंही नाही. सिस्टरना म्हणाले, "ही ती मिठागरवाली ना? यांना काही होत नाही. पुढचा ट्रे आणायला सांगा."

यांना. म्हणजे मला, माझ्या आईला, माझ्या गावाला. आमचं रक्त म्हणजे रक्तच नव्हे.

सिस्टरनी ट्रे पुढे केला. "घे."

एचआयव्ही अडवायचं औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं, हे मला पाठ होतं. एकेक मिनिट चाललं होतं आणि ही बाई मला ट्रे देत होती. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नाय. ग्लोव्हजशिवाय नाय उचलनार. मला सुई लागली हाय. मी सरकारी दवाखान्यात चाललेय."

बाकीच्या पेशंटचे नातेवाईक वळून बघू लागले. सिस्टर हळूच म्हणाल्या, "बाहेर गेलीस तर या वॉर्डात परत यायचं नाही."

गेले. धैर्यबिर्य काही नव्हतं. जिवाच्या भीतीने गेले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, सुई कोणाची, कावीळ बीची लस घेतलीय का. लसीचा एकच डोस झाला होता, पुढचे कॉलेज नंतर बघणार होतं. मॅडमनी हॉस्पिटलला फोन लावला. तिकडून सांगितलं, आमच्याकडे असं काही झालेलंच नाही. मॅडमनी फोन ठेवला, माझं रक्त घेतलं आणि तिथेच पहिली गोळी गिळायला लावली.

महिनाभर गोळ्या. तोंडाला चव नाही, पोटात ढवळायचं. ताटापेल्यातून हे पसरत नाही, वर्गात मीच हे उत्तर दिलं होतं. तरी घरी मी माझा पेला वेगळा ठेवू लागले.

आईने ते बघितलं. "काय झाला गो? पेला कशाला वायला केलास?"

सांगितलं. तिने माझा अंगठा हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, "सोड ता कॉलेज. मिठागर हाय आपला." तीही घाबरली होती. त्या रात्री मी तिच्यापासून लांब अंथरूण घातलं आणि तिने ते ओढून जवळ घेतलं.

मग प्रिन्सिपल मॅडमनी मला आणि आईला बोलावलं. गोड बोलल्या. "हॉस्पिटल नाराज आहे. उद्या आमच्या मुलींना तिथे घेणार नाहीत. तू सगळ्यांसमोर एवढंच सांग, माझ्या निष्काळजीपणाने लागलं. सिस्टरची माफी माग. परीक्षेला बसवू तुला."

आईने माझ्या हातावर हात ठेवला. माग म्हणते की नको म्हणते, कळलं नाही. मला परीक्षा हवी होती. ती गेली तर आयुष्यभर मीठच ओढायचं, हे मला माहीत होतं.

"मॅडम, सुई मला लागली. माफी मी मागू?"

"नीट विचार कर."

"केलाय. माफी नाय मागनार."

परीक्षेचं अजून काही ठरलेलं नाही. माझी शेवटची तपासणीही बाकी आहे. रोज सकाळी जाग येते ती भीतीने. साधा ताप आला तरी रडू येतं. पण रिपोर्ट चांगला येवो की वाईट, कोणीही विचारलं तरी मी एकच सांगणार आहे. सुई सरांनी ट्रेत टाकली. ग्लोव्हज सिस्टरनी दिले नाहीत. चूक माझी नव्हती.