रोशनीची स्लाइड

रनाळ्याची हेमांगी नंदुरबारच्या एका खासगी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. स्वभावाने कडक. 'पोराचा रिपोर्ट जरा सांभाळून घे' म्हणणाऱ्या सख्ख्या काकांना तिने दारातूनच वाटेला लावलं होतं. मला अशी माणसं आवडतात, घरच्यांना जड जातात.

मागच्या हिवाळ्यात तिच्या हाती धाकट्या बहिणीचं, रोशनीचं रक्त आलं. रोशनीचे सांधे कधीपासून दुखत होते. सकाळी मूठ वळत नसे, पण दिसायला पोरगी ठणठणीत. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. आई रुक्मिणीबाई गल्लीभर सांगायच्या, "येचनी उनी का हिना हात दुखतस." कापूस वेचायची वेळ आली की पोरगी सोंग करते, असं त्यांचं म्हणणं.

शरीर स्वतःवरच उलटलंय का, अशी डॉक्टरांना शंका होती. तसं असेल तर रक्तातल्या अँटिबॉडीज स्लाइडवरच्या पेशींना जाऊन चिकटतात, पण दिसत नाहीत. म्हणून त्यांना धरणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीज वरून सोडायच्या, हिरवा चमकणारा रंग लावलेल्या. मग स्लाइड धुऊन अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघायची.

हेमांगीने पाहिलं. पेशींची केंद्रकं हिरवीगार चमकत होती.

तिला ते नको होतं. धुण्यात कसूर राहिली की हा रंग नको तिथेही चिकटतो. आपल्या हातून कसूरच झालेली असू दे, असं तिला पहिल्यांदा वाटलं. तिने सगळं पुन्हा मांडलं. स्लाइडवर आखलेल्या खणांपैकी शेजारच्या एकात रोशनीचं सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, घातलंच नाही, नुसत्या रंगवाल्या अँटिबॉडीज घातल्या. तो खणही चमकला, तर तपासणी खोटी. देवाचं नाव घेऊन तिने डोळा लावला.

तो खण काळाकुट्ट होता. रोशनीचा खण पुन्हा तसाच हिरवा.

ती तिथेच स्टुलावर बसून रडली. मग तोंड धुऊन तिने स्लाइड लॅबच्या मोठ्या डॉक्टर मॅडमना दाखवली.

डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्यांशी ताळा घालून आजाराचं नाव सांगितलं. गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण जन्माची सोबत. दवाखान्याबाहेरच्या बाकावर हेमांगीने अडखळत ते सगळं बहिणीला समजावलं. रोशनी खाली मान घालून ऐकत होती.

"म्हंजे मन्हं सोंग नव्हतं ना, ताई?"

"नही वं."

रोशनीचा चेहरा खुलला.

"मंग आईले तूच सांग," रोशनी म्हणाली. "मन्हं ती आयकत नही."