घटपर्णीला पंचशील

आष्टीच्या शाळेत माझ्याबरोबर तातेराव खरात नावाचे मास्तर होते. छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा ऐन विशीत होते, आणि पंचशील त्यांनी जे अंगी लावून घेतलं ते कायमचं. आम्ही बाकीचे रविवारी विहारात जीवहिंसा न करण्याचं शील घ्यायचो आणि येता येता अर्धा किलो मटण बांधून आणायचो. तातेराव अंगावरच्या डासालाही फुंकर मारून "जाय बाबा" म्हणायचे. माणूस सोन्यासारखा, पण वैताग आणायचा.

त्र्याहत्तर साली त्यांचा धाकटा भाऊ कडूबा पलटणीतून सुट्टीवर आला. एकाहत्तरची लढाई लढल्यापासून तो गप्प गप्पच असे आणि तातेरावही काही विचारत नसत. येताना त्यानं मेघालयाच्या डोंगरातून घटपर्णीचं एक रोप आणलं. पानांच्या टोकांना झाकणाच्या छोट्या सुरया लटकलेल्या. "दादा, याला ओल लागती, ऊन न्हाई. पुढच्या सुट्टीपर्यंत जगव," एवढं बोलून तो गेला. ते खातं काय, हे सांगायचं राहूनच गेलं.

भावानं इतक्या दिवसांत मागितलेली ही एकच गोष्ट. मग काय, तातेराव पेटले. हलवायाची मोडकी काचेची शोकेस भुजंग सुताराकडून नीट करून घेतली, आत नारळाचा काथ्या अंथरला, दुपारी वरून ओलं गोणपाट टाकलं. विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं पानांच्या कडा करपल्या, तेव्हा परतूरहून मोटारीच्या बॅटरीत घालतात ते पाणी आणू लागले. त्यांची बायको नंदाबाई म्हणायची, "आमी खारं पिऊन राह्यलो, अन् झाडाला मोटारीचं पाणी!"

एका सकाळी तातेरावांनी सुरईत डोकावलं. आत अर्धीमुर्धी विरघळलेली माशी होती. शाळेत आले ते पांढरेफटक. मला व्हरांड्यात ओढून म्हणाले, "माझ्या घरात हत्या चालू हाय." टाकून द्यावं तर भावाला काय तोंड दाखवायचं, आणि ठेवावं तर शील मोडतंय.

"अहो, झाडानं थोडंच शील घेतलंय?" मी म्हणालो.

त्यांचे डोळे चमकले. "बराबर! बिलकुल बराबर! घेतलंच न्हाई!"

दुसऱ्या दिवसापासून ते रोज मेणबत्ती लावून पेटीसमोर बसत आणि झाडाला पंचशील देत. त्याला मोह होऊ नये म्हणून सुरयांच्या तोंडात कापसाचे बोळे, आणि उपाशी राहू नये म्हणून आत वरणाचं पाणी. वरण आंबलं. त्या वासानं गावातल्या झाडून सगळ्या माश्या खरातांच्या घरी मुक्कामाला आल्या. सुरया काळ्या पडून गळू लागल्या.

नंदाबाईनं शेवटी पदर खोचला. मास्तर शाळेत गेले की ती माश्या मारी, उरलेल्या सुरयांतलं आंबलेलं पाणी काढी, चिमट्यानं माशी आत सोडी आणि बोळा परत लावी. झाडाला नव्या सुरया आल्या. तातेरावांनी पौर्णिमेला विहारात उभं राहून भाषण ठोकलं, की शिकाऱ्याचंही मन पालटतं, घरी या आणि बघा. सगळी वस्ती बघून गेली. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांचं मन मोडायला कुणी धजेना. उलट बायका येताना कागदाच्या पुडीत मेलेल्या माश्या आणून गुपचूप नंदाबाईच्या हातावर ठेवत.

वर्षानं कडूबा आला, तेव्हा मी तिथंच चहाला बसलो होतो. त्यानं बोळा उपसला, आत बघितलं आणि खो खो हसला. "वैनी, हे चारतं कोण?"

"मीच. मरून चाल्लं होतं, भाऊजी."

तातेराव मटकन खाली बसले. "म्हंजे हे अजून मारूनच राह्यलं? अन् मी रोज याला शील देऊन राह्यलो!"

कडूबाचं हसू थांबलं. "दादा, यानं माशी मारली तर तू याच्यापुढं रोज बसलास. म्या माणसं मारली. माझ्यापुढं एक दिस बसला न्हाईस."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठवेना. तातेराव सरकत सरकत भावाच्या पुढ्यात आले, गुडघ्याला गुडघा टेकवून बसले. आता हे पंचशील सुरू करतात की काय, या धास्तीनं मी डोळे मिटले.

"भ्या वाटलं का रे तुला तिथं?" त्यांनी विचारलं.

"लई," कडूबा म्हणाला.