मागच्या सीटवरचा अंदाज

आमच्या दादाला गाडी चालवता येत नाही, आणि त्याचं पोट मात्र गाड्यांवर. गाड्यांच्या एका मासिकात तो एक पान लिहायचा. महागडी, वेगवान सेडान बाजारात यायच्या महिनाभर आधीच तिची किंमत सांगायची, हे त्याचं काम. मी धाकटी बहीण. मला वाटायचं, देत असेल ठोकून. पण नाही. मागच्या मॉडेलची किंमत, जहाजाचं भाडं, कर, टायरची रुंदी, सगळं तो वहीत मांडायचा. गाडी पहिल्यांदा दाखवायला ठेवली की पाऊण तास आत बसून यायचा, सीटची शिवण चाचपायचा, दार दहादा लावून बघायचा. विक्रेते त्याला ‘ज्योतिषी’ म्हणायचे, त्यावर तो जाम चिडायचा.

यंदा संपादकबाईंनी त्याला सरळच सांगितलं, "या वेळी पाच टक्क्यांपेक्षा जास्त चुकलात, तर हे पान संगणकाकडे जाईल." एकवीस वर्षं ज्या पानावर घालवली, ते असं एका वाक्यावर आलं.

गाडी सहाशे हॉर्सपॉवरची होती. दादाने जीव ओतून हिशोब केला आणि आकडा छापला. कंपनीने किंमत जाहीर केली, ती अठरा टक्के जास्त निघाली.

दोन दिवस तो वहीतला हिशोब पुन्हा पुन्हा तपासत होता. तिसऱ्या दिवशी मी गेले तर एकटाच हसत बसलेला.

"अगं, मी मागे बसलो होतो!" तो म्हणाला. "स्टिअरिंगपुढे बसून मला काय कळणार, म्हणून मी नेहमी मागेच बसतो. आजवरच्या गाड्यांत मालकही मागेच बसायचा, म्हणून जमून गेलं. ही मालकाने स्वतः चालवायची गाडी. सगळा खर्च पुढे केलाय. मागे माझे गुडघे अडकत होते, आणि मी त्याचे पैसे कापले!"

संपादकबाई मनाने वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "कंपनीने ऐन वेळी किंमत वाढवली असं लिहू या. निभावून जाईल."

"लिहा की, कुणाला कळणार आहे?" वहिनी म्हणाली. मीही तेच म्हणाले, खोटं कशाला सांगू. दादाने आमचं कुणाचं ऐकलं नाही. गुडघ्यांसकट सगळी हकीगत त्याने पुढच्या अंकात छापली. वाचकांची पोतंभर पत्रं आली. कुणी शिव्या घातल्या, कुणी खदखदून हसले, एकाने तर गाडी शिकवायची तयारी दाखवली. पान गेलं ते गेलंच.

आता दादा त्याच मासिकात मुद्रितं तपासतो, संगणकाच्या त्या पानाचीसुद्धा. गेल्या महिन्यात संगणकाचा आकडा तब्बल चोवीस टक्क्यांनी चुकला. मला मनापासून आनंद झाला आणि मी तो लपवला नाही.

"मग? किती पत्रं आली?" मी विचारलं.

"एकही नाही," दादा म्हणाला. "लिहिणार कुणाला?"