देवाच्या कोंबड्याचे पाय

घराण्याचा मोठेपणा पायांत उतरतो. चेहरा फसवतो, बोलणं फसवतं, पण पाय खोटं बोलत नाहीत. हे मत माझ्या थोरल्या भावाचं. तो फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाला आहे. त्याची मतं अजून सेवेत आहेत. हे मत त्यानं माझ्या परसात उभं राहून, एका कोंबड्याकडे बोट दाखवून मांडलं.

कोंबडा वहिनीचा. पुतण्या फौजेच्या भरतीला दोनदा धावून हात हलवत परत आला, तेव्हा तिनं म्हसोबाला नवस केला होता. तिसऱ्या खेपेला पोरगं लागलं, ट्रेनिंग संपवून सरहद्दीवरही गेलं. मग तिनं बाजारातून एक तांबडा-काळा कोंबडा आणला, देवापुढे नेऊन दाखवला आणि चैत्रातल्या जत्रेपर्यंत माझ्या खुराड्यात ठेवला, कारण त्यांच्या दारातला कुत्रा कोंबडी आणि चेंडू यांत फरक करत नाही. मी साताऱ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवून, निवृत्त होऊन कडेगावजवळच्या या आमच्या गावी परतलो होतो. शांतपणे वाचत बसावं, चार कोंबड्या पाळाव्यात, एवढाच बेत होता.

दिवाळीनंतर कोंबड्याचे पाय जाड दिसायला लागले. खवले उचकटलेले, त्यांच्या फटींतून चुन्यासारखी पांढरी पूड. मला ते काही बरं दिसेना. दादा मात्र खूश.

“असील हाय ह्यो, मास्तर! झुंजीची अस्सल जात! पाय बग की. बाभळीचा बुंधा हाय नुसता.”

“दादा, दसऱ्याला ह्याचे पाय काडीसारखे होते.”

“मग? जात वयात आल्याबिगर दिसती व्हय?”

याहून कच्च्या पुराव्यांवर उभी असलेली घराणी मी वर्गात गंभीर चेहऱ्यानं शिकवली होती.

मग माझ्या परसात वर्दळ सुरू झाली. दादा वाईच्या, साताऱ्याच्या पाहुण्यांना चहाच्या आधी कोंबड्याचे पाय बघायला आणायचा. पाहुणे वाकून बघायचे आणि “वा” म्हणायचे. आळीतल्या बायका वंश सुधारावा म्हणून आपापल्या कोंबड्या चार-चार दिवस माझ्याकडे सोडून जायच्या. रात्री त्या खुराड्यातल्या त्याच दांडीवर त्याला खेटून झोपायच्या. संक्रांतीपर्यंत निम्म्या आळीच्या कोंबड्या जातिवंत झाल्या. त्यांत काही इतक्या म्हाताऱ्या होत्या की त्यांची जात एवढे दिवस कुठे दडून बसली होती, हे दादालाही सांगता आलं नसतं.

आणि कोंबडा लंगडायला लागला.

वहिनी आली, उकिडवी बसली, बराच वेळ त्याच्या चालीकडे बघत राहिली.

“आवं भावजी, देवाला लंगडं चालतंय व्हय? पोरगं तिकडं बर्फात हुबं हाय, आन् हितं त्येच्या नावाचा कोंबडा पाय टेकवंना.”

“वहिनी, बाजारातून दुसरा आणू की.”

“देवाला दावलाय न्हवं ह्यो? बदलून आणायला काय साडी हाय?”

नवस-सायासांवर माझा विश्वास नाही, हे ती जाणते. तरी ती माझ्याकडेच आली होती.

दादाकडे अर्थात इलाज तयार होता. “ट्रॅक्टरचं डिझेल लाव. फौजेत आमी हेच लावायचो.”

“फौजेत कोंबड्या होत्या?”

“कोंबड्या न्हवत्या. खेचरं हुती.”

शेवटी पाटीत कोंबडा घालून आम्ही तिघं कडेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. दादा इस्त्रीचे कपडे घालून आला होता. वंशावळ विचारली तर सांगायला कुणीतरी हवं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कोंबड्याचा पाय उजेडात धरला.

“चांगल्या पायाचे खवले कौलांसारखे सपाट बसलेले असतात. इथं बघा, माकडं नाचून गेल्यावर घराचं छप्पर दिसतं तसं झालंय. खवल्यांखाली बारीक किडे आहेत, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाला खरूज होते ना, त्याच किड्यांचे हे भाऊबंद.”

“म्हंजी असील न्हवं?” दादानं विचारलं.

“खरूज आहे, सुभेदारसाहेब.”

दादा भिंतीवरचा म्हशीचा तक्ता वाचू लागला.

“किडे मारायचं औषध आहे,” बाई म्हणाल्या, “पण ते दिलं की बरेच दिवस कोंबडा खाता येत नाही. खायचा आहे का?”

“देवाला द्यायचाय,” वहिनी म्हणाली.

“मग देवच खाणार ना?”

“देव वास घेतोय. खाणार आमीच.”

“मग व्हॅसलीनवर भागवा. डिझेल अजिबात नको, कातडी भाजते.”

अशा रीतीनं माझ्या उतारवयातली पहिली नियमित उपासना सुरू झाली. संध्याकाळी कोमट साबणाच्या पाण्यात कोंबड्याचे पाय भिजवायचे, जुन्या टूथब्रशनं हळूच घासायचे, खवले उपटायचे नाहीत कारण रक्त येतं, मग पुसून घट्ट व्हॅसलीनचा थर चोपडायचा. थरानं किडे गुदमरतात म्हणे. खुराड्याच्या दांड्याही घासायच्या. वहिनी धरायची, मी घासायचो, कोंबडा दोघांना टोचायचा. वाचन जे थांबलं ते थांबलंच.

त्याहून वैताग आळीचा. सगळ्या कोंबड्यांना एकदम लावलं नाही तर किडे परत येणार, म्हणून मी व्हॅसलीनचा डबा घेऊन दारोदार गेलो. एकदा हाती आलेलं घराणं कुणी सुखासुखी सोडत नाही.

“सुभेदारांचा कोंबडा असील, आन् आमच्या कोंबडीला खरूज व्हय?” एकीनं दारातूनच सुनावलं.

“मावशी, त्यालाही खरूजच आहे.”

“मग पावनं कशाला आणत हुता बघायला?”

हा प्रश्न मी दादाकडे पोचवला. उत्तर अजून यायचं आहे.

शिमग्याच्या सुमारास जुने खवले गळायला लागले आणि खालून नवे आले, गुळगुळीत, पिवळेधमक. लंगडणं गेलं. वहिनी रोज सकाळी येऊन फक्त पाय बघून जायची.

जत्रेला दादानं फेटा बांधला. वहिनीनं ओल्या फडक्यानं कोंबड्याचे पाय पुसले आणि गुरवापुढे धरताना ते नीट दिसतील असे पुढे काढले. गुरवानं पायांकडे पाहिलंच नाही. त्यानं डोक्यावर पाणी शिंपडलं, कोंबड्यानं अंग झाडलं, म्हणजे देवानं तो स्वीकारला. वहिनीनं डोळे मिटून हात जोडले. पुष्कळ महिन्यांनी तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

आमच्याकडे कोंबड्याचे पाय रश्श्यात घालत नाहीत. ते गुडघ्यापासून तोडून दादाच्या कुत्र्याला टाकले.