टँकरमागे फिरणारी गोव्याची गाडी

त्या काळ्या पाटीच्या गाडीचा विषय निघाला की मला आधी हसू येतं, आणि मग बराच वेळ बोलावंसं वाटत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेचसे आता आठवतही नाहीत. ही गाडी मात्र डोक्यातून गेली नाही. गंमत म्हणजे या प्रकरणात गुन्हासुद्धा दाखल झाला नव्हता.

मी तेव्हा लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता. सकाळची हजेरी झाली की कोण कुठल्या विहिरीवर बंदोबस्ताला, एवढंच वाटप असे. चोऱ्यामाऱ्या कमी झाल्या होत्या, पण घागरीच्या नंबरावरून डोकी फुटत होती. त्यातच उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी हवा उठलेली. नवे साहेब येणार, गुपचूप पाहणी चालू आहे, अशा बातम्या चहाच्या प्रत्येक हॉटेलात मिळत. गावात अनोळखी गाडी शिरली की माणसं आपोआप टोपी सारखी करून उभी राहत.

अशा दिवसांत टँकरचा एक ठेकेदार माझ्यापुढे येऊन बसला. एरवी हा गृहस्थ ठाण्यासमोरून जातानाही मान वळवत नसे.

"साहेब, एक बोगस अधिकारी फिरून राहिलाय," तो म्हणाला. "पांढरी गाडी हाय, नंबरची पाटी काळी, त्याच्यावर पिवळे अक्षरं. टँकर भरायच्या विहिरीवर येऊन बसतो. वहीत टँकरचे नंबर लिहितो. ड्रायव्हरचं तोंड निरखून बघतो अन् जातो."

"बोगस कशावरून? नव्या जिल्ह्याचा असेल."

"आमीबी तसंच समजलो, साहेब. चहा पाजला, खुर्ची दिली. पण आठ दिवस झाले, त्यानं काहीच मागितलं न्हाई!"

काहीच न मागणारा अधिकारी खरा असूच शकत नाही, असा त्याचा हिशेब होता. या माणसाला स्वतःच्या खेपांची काळजी आहे हे मला कळत होतं. कागदावर जेवढ्या खेपा तेवढ्या गावात पोचत नसणार. पण खबर ती खबर. ठाणे दैनंदिनीत नोंद घेतली आणि दोन शिपाई पाठवले. दुपारी अडीचच्या सुमाराला त्यांनी तो इसम गाडीसह आणला.

चाळिशीच्या आतबाहेरचा, इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा. गाडीची झडती घेतली. एक वही मिळाली. तिच्यात गावांची नावं, टँकरचे क्रमांक आणि पुढे फुल्या. गोव्यातल्या समुद्रकिनाऱ्यांचा एक रंगीत नकाशा मिळाला. मागच्या सीटखालून एका पोराची प्लॅस्टिकची बादली निघाली, आणि पायपुसणं उचललं तर खाली वाळू.

"साहेब, रेती!" आमचा हवालदार ओरडला. आमच्या भागात वाळू म्हटलं की पोलिसाचे कान उभे राहतात. त्यानं ती पंचनाम्यात घ्यायची तयारीही केली. मूठभर वाळूची तस्करी कोण करतं, असं विचारलं तेव्हा तो जरा नाराजच झाला.

कागदपत्रं पाहिली आणि पाटीचा उलगडा झाला. गाडी गोव्याच्या विमानतळावरून भाड्यानं घेतलेली होती. तिकडे ड्रायव्हरशिवाय, आपण स्वतः चालवायची गाडी भाड्यानं मिळते, आणि अशा गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. आमच्याकडे गाडी भाड्यानं म्हणजे ड्रायव्हर आलाच, तो वाटेत दोनदा चहाला थांबणार हेही आलंच. त्यामुळे त्या पाटीला लोकांनी सरळ सरकारी करून टाकलं होतं. मी गोव्याच्या त्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "गिऱ्हाईक दर दोन दिवसांनी फोन करून मुदत वाढवतं, तक्रार काही नाही. पण आमच्या यंत्रावर गाडी लातूर जिल्ह्यात दिसत होती. आम्ही म्हटलं, यंत्रच बिघडलं."

म्हणजे गाडी चोरीची नव्हती. आता तोतयेगिरीचा प्रश्न. मी त्याला समोर बसवलं.

"तुम्ही अधिकारी म्हणून फिरत होता?"

"मी एकदाबी तसं म्हणलो न्हाई, साहेब. लोकांनीच खुर्ची दिली."

बोली ऐकून मी चमकलो. हा तर आमच्याच भागातला. चाकूर तालुक्यातलं गाव सांगितलं, घरचा धान्याचा व्यापार, स्वतः आखातात एका हॉटेलच्या भटारखान्यात मोठ्या पदावर. घाईत निघायचं होतं, मिळेल त्या विमानाचं तिकीट काढलं, ते नेमकं गोव्याचं निघालं. तिथून भाड्याची गाडी आणि न थांबता थेट घर. इथपर्यंत घडाघडा बोलला. टँकरमागे का फिरता, असं विचारलं की तोंड बंद. दम देऊन पाहिला, गोडीत घेऊन पाहिलं. चहा मागवला तर म्हणाला पाणी द्या. पाण्याचा तांब्या दिला, तर त्यातलं थोडंच प्याला आणि उरलेल्या पाण्याचा तांब्या जपून माठाच्या झाकणावर ठेवला. असा माणूस लबाड असेल असं मला वाटेना, पण वाटण्यावर तपास चालत नाही.

तेवढ्यात टेबलावर ठेवलेला त्याचा मोबाईल वाजला. पडद्यावर 'माय' अशी अक्षरं. मी म्हटलं, उचला, पण आवाज मोठा ठेवा.

"पत्ता लागला का रे बाबा?" म्हाताऱ्या बाईचा आवाज. "आप्पा कालपासून दाराकडंच बघून राहिलेत. पेजबी घेईना गेलेत."

"लागतो, माय," तो म्हणाला. फोन ठेवला आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीत तोंड घालून हा बाप्या रडायला लागला.

मग सगळं बाहेर आलं. बारा वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीनं जातीबाहेर लग्न केलं. वडिलांनी तिचं नाव घरात काढायचं नाही असं ठरवलं. हा आणि त्याचे चुलतभाऊ तिला शोधायला जीप घेऊन निघाले होते. "काठी माझ्याबी हातात होती, साहेब," तो म्हणाला. "सापडली असती तर आज मी तुमच्यापुढं असा बसलो नसतो." ती सापडली नाही. आता वडील शेवटच्या दुखण्यात होते, डॉक्टरांनी घरी न्या सांगितलं होतं, आणि त्यांनी एकच धोशा लावला होता, लेकीला बघायचंय. गावातल्या कुणीतरी दोन महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याला या पट्ट्यात टँकर चालवताना पाहिलं होतं. तेवढ्या माहितीवर हा मुखेडपासून उदगीरपर्यंत प्रत्येक विहीर धुंडाळत होता.

"नाव सांगून विचारायचं होतं. एका दिवसात पत्ता लागला असता."

"अन् तिला कळलं असतं की दादा आलाय. ती रातोरात गाव सोडून गेली असती, साहेब. मला ती का म्हणून भिणार न्हाई?"



आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे. त्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "साहेब, ही पोरगी आपल्याच ठाण्यात आली होती. मी नवी होते. जबाब घेताना तिच्याजवळ मलाच बसवलं होतं."

मिसिंगच्या, म्हणजे बेपत्ता माणसांच्या, जुन्या फायली काढल्या. तासाभरात कागद हाती आला. मुलगी सज्ञान, स्वखुशीनं लग्न केलं, माहेरी जायचं नाही. खाली सही आणि नवऱ्याच्या गावाचा पत्ता. आमच्या ठाण्यापासून बावीस किलोमीटर. हा माणूस आठ दिवस उन्हात टँकर मोजत होता आणि पत्ता आमच्या कपाटात पडून होता.

मी कागद घेऊन तसाच आत निघालो. बाईंनी वाट अडवली.

"खालची ओळ वाचा, साहेब."

खाली लिहिलं होतं, माझा पत्ता माहेरच्या कोणासही देऊ नये.

"अहो, बाप मरायला टेकलाय," मी म्हणालो. "बारा वर्षं झाली त्याला."

"तिला कुणी सांगितलं का बारा वर्षं झाली, आता भ्यायचं न्हाई म्हणून? ती थरथर कापत होती, साहेब. आपण शब्द दिला तेव्हा कुठं सही केली तिनं."

मला राग आला. हाताखालच्या माणसानं वाट अडवली की साहेबाला येतो तसाच. पण त्यांचं बरोबर होतं. त्याला ठाण्यातच बसवलं, बाईंना जीपमध्ये घेतलं आणि आम्ही त्या गावाला गेलो.

घर शेवटच्या गल्लीत होतं. पोलिसांची गाडी पाहून ती दारातच ताठ झाली.

"माझा मालक बरा हाय ना? टँकरला काई झालं का?"

बाई तिला आत घेऊन गेल्या. मी ओसरीवर बसलो.  मग ती बाहेर आली, डोळे कोरडे.

"बोलावलं कुणी, साहेब? दादानं का आप्पानं?"

"आप्पांनी."

"मला एकटीला का दोघांला?"

हा प्रश्न मी भावाला विचारलाच नव्हता. खोटं सांगणं सोपं होतं आणि जीभ वळवळलीही. पण मी म्हणालो, "ताई, मला माहीत नाही. विचारू या."

तिच्याच ओसरीवरून मी चाकूरकडच्या त्या घरी फोन लावला. आईला ओळख सांगितली आणि फोन आप्पांच्या कानाशी धरायला सांगितलं. मोठ्यानं विचारलं, "लेक विचारतेय, एकटीनं यावं की नवऱ्याला घेऊन?" पलीकडे नुसता श्वास. मला वाटलं, संपलं. मग अगदी बारीक, पण स्पष्ट आवाज आला.

"जावायाला आधी."

ती मटकन खाली बसली आणि तेव्हा कुठे रडली.

नवरा आला तो टँकर घेऊन. सगळं ऐकलं आणि म्हणाला, "येतो साहेब, पण एक खेप राहिली. वाडीवर लोक घागरी लावून बसलेत." मी कपाळावर हात मारला. शेवटी माझ्या जीपच्या ड्रायव्हरनं ती खेप वाडीवर नेऊन टाकली, आणि जीप मी स्वतः हाकली. दैनंदिनीत ही नोंद नाही. आता निवृत्त झालोय, काय करायचं ते करा.

ठाण्यात भाऊबहीण समोरासमोर आले. त्याला मान वर करता येईना. तिनंही हाक मारली नाही. त्यानं गाडीची किल्ली मेहुण्यापुढे धरली. "तुम्हीच चालवा दाजी. माझे हात ठिकाणावर न्हाईत." ती मागे बसली, भाऊ पुढे, आणि गाडी चाकूरच्या रस्त्याला लागली. बाहेर चहावाला कुणालातरी सांगत होता, नवे साहेब गेले बघा.

आप्पा त्यानंतर पाच दिवस होते. पेज लेकीच्या हातानंच घेत. गाडी परत करून भाऊ विमानतळावरून फोनवर हे सांगत होता. बहीण अजून त्याच्याशी तुटक बोलते, असंही म्हणाला. ते मला खरं वाटलं.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं लोक विचारतात. मरणाऱ्या माणसाची इच्छा सगळ्यांत मोठी, असं मी तोवर धरून चाललो होतो. जिवंत माणसाची भीतीही तेवढीच मोठी असते, आणि तिला दिलेला शब्द फाईल जुनी झाली म्हणून संपत नाही, हे मला बाईंनी शिकवलं.

भावाचा तो फोन ठेवल्यावर मी बाईंना आप्पांची बातमी सांगितली. त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी विचारलं, "साहेब, तिनं न्हाई म्हणलं असतं तर?"

"तर मी स्वतः जाऊन आप्पांना तसं सांगितलं असतं," मी ठामपणे म्हणालो. बाईंनी मान डोलावली आणि कामाला लागल्या. त्यांनी विश्वास ठेवला. पण त्या दुपारी, भाऊ आत रडत असताना, मी खरोखरच तसा रिकाम्या हातानं परत आलो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही.